आमच्या भांडारात औषध संपत नाही, वाढतं!

आमच्या औषध भांडारात प्रत्येक गोष्टीची आवक असते आणि जावक असते. सलाईन येतं, सलाईन जातं. गोळ्या येतात, गोळ्या जातात. किश्शांची मात्र नुसती आवक! त्यांची जावक करायला कोणाला वेळ नसतो, म्हणून ते रॅकच्या मागे, खोक्यांच्या खाचेत, चहाच्या टेबलाभोवती साचत राहतात. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "ए, तुझ्या त्या स्टोअरमधलं सांग ना काहीतरी." मग मी थोडी जावक करते. आज जरा मोठा लॉट काढतेय.

आधी ओळख करून देते. नाशिकच्या एका कडेला, पत्र्याच्या उंच छपराखाली आमचं सरकारी औषध भांडार आहे. पेठच्या डोंगरापासून नांदगावच्या माळापर्यंतच्या सरकारी दवाखान्यांना इथून औषधं जातात. मी तिथे औषध निर्माण अधिकारी. बी.फार्म झालं, वर सप्लाय चेनचा डिप्लोमा केला. भांडारप्रमुख होते नाना. नानांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळ्या जिल्ह्याचे ते नाना. आणि नाना निवृत्तीला आले होते.

त्यांच्यानंतर भांडाराचा चार्ज मला हवा होता. हे आत्ताच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचं हसू येत होतं. आरोग्य खात्यात डॉक्टर मोठा साहेब होतो, हिशेबवाला मोठा साहेब होतो. औषध वेळेवर पोहोचवणारा मात्र शेवटपर्यंत "स्टोअरवाला"! मला स्टोअरवाली राहूनच साहेब व्हायचं होतं. हसा, खुशाल हसा.

* * *

माझं नाव प्रणाली. यात माझा काही दोष नाही, नाव आत्यानं ठेवलं.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात वरून पत्र आलं होतं, की भांडारात लवकरच नवीन ऑनलाइन प्रणाली येणार. सगळे जुने लोक धास्तावलेले! मी नेमणुकीचा आदेश घेऊन दारात उभी राहिले. नानांनी आदेश वाचला आणि लगेच जिल्हा आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, ती नवीन प्रणाली आली."

पलीकडून साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "आली का? बरं झालं. चालू करायची घाई करू नका. एका कोपऱ्यात ठेवा, वर कापड टाका, आणि कोणाला हात लावू देऊ नका!"

नानांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे कोपऱ्यातली एक खुर्ची दाखवली.

"साहेबांचा आदेश आहे," म्हणाले. "कापड मात्र तुझं तू आण."

* * *

गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात आमचं ट्रेनिंग होतं. विषय: "आरोग्य पुरवठ्यातील नेतृत्व". बरेचसे लोक जेवणासाठी आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. माझ्या एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला नांदगावचे बागुल सर. बागुल सरही माझ्याच केडरचे, म्हणजे औषध निर्माण अधिकारी. सेवेत मला बरेच सीनियर, उत्साहात बरेच ज्युनियर.

ट्रेनर टाय लावलेला, हातात माइक, एका जागी उभा म्हणून राहत नव्हता. त्यानं सगळ्यांना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

बागुल सर म्हणाले, "नांदगावलाच. बदली नको बुवा."

नाना म्हणाले, "घरी. खाटेवर."

माइक माझ्याकडे आला. मी उठून उभी राहिले. "मला पाच वर्षं लागणार नाहीत सर. मी स्वतःला नानांच्या खुर्चीत बघते."

सगळा हॉल हसला. ट्रेनर तर इतका खूश झाला की म्हणाला, "एक्सलंट! कशी बघता ते डोळ्यांसमोर आणा. खुर्ची दिसतेय?"

"दिसतेय."

"त्यात कोण बसलंय?"

नाना खालून ओरडले, "अरे, मी बसलोय अजून!"

* * *

नानांची औषध वाटण्याची एक खास पद्धत होती. कोणाला लांबच्या तारखेचं द्यायचं आणि कोणाला जवळच्या तारखेचं, हे ते औषध बघून ठरवत नसत, माणूस बघून ठरवत. नांदगावहून कोणी पेढे घेऊन आलं की त्याला दोन वर्षं टिकणारा माल. पेठहून कोणी घाट उतरून नुसताच घामाघूम होऊन आलं की त्याला तीन महिन्यांत मुदत संपणारा. गोळीला काय कळतं पेढा आणि घाम?

आम्ही फुलवाले. आमच्या शेतात शेवंती आणि झेंडू असतो. वडील बाजारात बसले की कालचं फूल आधी काढतात, आजचं मागे ठेवतात. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. म्हणून एका शनिवारी मी पदर खोचला. म्हणजे ओढणी बांधली. अख्ख्या रॅक फिरवल्या. जुना माल पुढे, नवा माल मागे. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी जाणार. पेढे आणा की श्रीखंड आणा!

सोमवारी नाना आले. चष्मा वर-खाली केला. रॅकपुढे उभे राहिले.

"हे जुनं सगळं पुढे का आणलंस?"

"बरोबर आहे ते नाना. जुन्यांनी आधी जायचं असतं."

नानांनी पुढची एक बाटली उचलून तारीख वाचली. मग हळूच विचारलं,

"हे तू औषधांबद्दल बोलतेयस ना?"

* * *

सरकारी मराठीत एक शब्द आहे: नग. खुर्ची असो, सुई असो, ॲम्ब्युलन्स असो, सगळं "नग". नानांचा हा लाडका शब्द. मागणी आली की ते डोळे मिटून "नग" लिहीत.

एकदा बाळंतपणाच्या खोलीसाठी हातमोजे मागवायचे होते. नानांनी सवयीनं "नग" लिहिलं. पुरवठादार पक्का होता! त्यानं एक हात म्हणजे एक नग धरला. माल आला तो बरोबर निम्मा. नाना त्याच्याशी भांडायला गेले तर तो हात जोडून म्हणतो, "साहेब, तुम्ही नग लिहिलंय. माणसाचे दोन हात म्हणजे दोन नगच झाले ना?"

तेवढ्यात एका ग्रामीण रुग्णालयातून सिस्टरचा फोन आला. या सिस्टर लय कडक. त्यांचा आवाज फोनमधून बाहेर, बाहेरून पार आवारात पोहोचतो.

"नाना, हातमोजे निम्मेच आलेत."

"ॲडजस्ट करा सिस्टर."

"कसं ॲडजस्ट करू? एका हातानं बाळंतपण करू आणि दुसऱ्या हातानं तुम्हाला फोन करू?"

त्या दिवसापासून मी मागणीच्या नमुन्यातून "नग" हाकलला. गोळी असेल तर गोळी, बाटली असेल तर बाटली, हातमोज्यांना जोडी. नानांना ते बघवेना. कागद हातात घेऊन म्हणाले,

"जोडी काय, जोडी? औषधाची मागणी आहे की लग्नाची पत्रिका?"

* * *

आमच्याकडे इन्शुलिन आणि लशी ठेवायचा मोठा फ्रीज आहे. लाइट गेली आणि आतली थंडी कमी झाली की त्याचा अलार्म ओरडतो. ओरडलाच पाहिजे. तापलेलं इन्शुलिन दिसायला तसंच दिसतं, पण पेशंटच्या अंगात गेलं की काही करत नाही.

एका दुपारी लाइट गेली. बराच वेळ झाला, जनरेटर काही सुरू होईना, आणि अलार्मही गप्प! मला शंका आली. फ्रीजच्या बाजूला गेले तर तिथे जरीकाठाची शाल. शालीत काहीतरी गुंडाळलेलं. कान लावला. आतून बारीक आवाज, रुसलेल्या पोरासारखा. पीं... पीं...

"नाना! ही शाल कोणाची?"

"माझ्या सत्काराची आहे. पंचवीस वर्षं सेवा झाली तेव्हाची."

"आणि आत काय आहे?"

"तो फार ओरडतो गं. लाइट गेली की ओरडतो. आली तरी थोडा वेळ ओरडतो. डोकं उठतं."

"नाना, ओरडणं हेच त्याचं काम आहे!"

"ओरडून लाइट येते का?"

"लाइट येत नाही, माणूस येतो! आणि येऊन जनरेटर सुरू करतो!"

मी शाल सोडली, नीट घडी घातली आणि नानांच्या खांद्यावर ठेवली. अलार्मनं जो सूर लावला, तो बाहेरच्या चहावाल्यानंही ऐकला. जनरेटर सुरू झाला. इन्शुलिन वाचलं.

नाना मात्र सुधारले, असं नाही. त्यानंतर अलार्म वाजला की ते खुर्चीतूनच मला हाक मारायचे,

"अगं प्रणाली, तुझी बहीण ओरडतेय!"

* * *

एकदा खोकल्याच्या सिरपचा ट्रक आला. पावसाचे दिवस. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "सायेब कुठं हायेत?"

"मीच आहे. बोला."

"तसं नाय. मोठं सायेब. सही करणारं सायेब."

"सही मीच करते. ताडपत्री काढा."

त्याला वाटलं, बाई आहे, खालूनच बघेल. मी चाकावर पाय ठेवून वर चढले. ट्रकच्या तळातली खोकी भिजून लिबलिबीत झाली होती. हात लावला की पुठ्ठा हातात! बाटल्यांची लेबलं सुटून एकमेकांना चिकटलेली. कोणत्या बाटलीत काय, हे बाटलीलाच माहीत. मी म्हटलं, "हा माल परत."

ड्रायव्हरनं मालकाला फोन केला. मालकानं नानांना केला. नानांनी मला केला. नाना बसले होते वीस पावलांवर, दार उघडं होतं, मी त्यांना दिसत होते. तरी फोन!

"अगं, घे ना ठेवून. उन्हं पडली की वाळतील."

"नाना, ते काय पापड आहेत?"

"मॅडम!" नाना रागावले की मला मॅडम म्हणायचे. "आजवर या भांडारातून एक ट्रक परत गेलेला नाही!"

"मग आज पहिला जाईल."

गेला. नानांनी दोन दिवस माझ्याबरोबर चहा प्यायला नाही. भिजलेल्या मालाच्या बदल्यात कोरडा, चांगला माल घेऊन तोच ट्रक, तोच ड्रायव्हर परत आला. आता नाना मुद्दाम पुढे गेले, छाती काढून.

ड्रायव्हरनं आत डोकावून विचारलं, "सायेब हायेत का?"

"बोला," नाना म्हणाले.

"तुमी नाय हो बाबा. ते सायेब. वेणीवालं!"

* * *

आता शीर्षकातली गोष्ट. ही सांगताना मला अजूनही हसू येतं आणि लगेच रागही येतो.

जुन्या घरांमध्ये कुंकू संपलं असं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. बांगडी फुटली तरी ती वाढली. घरातली भरली वस्तू "संपली" म्हणणं अशुभ. नानांनी ही रीत घरातून उचलून थेट सरकारी भांडारात आणली. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातलं एकही औषध कधी संपलं नाही. सगळी वाढत! "ओआरएस वाढलं." "टाक्याचा दोरा वाढला." आम्हाला सवय झाली होती. नाना गंभीर चेहऱ्यानं "वाढलं" म्हणाले की आम्ही नवी मागणी टाकायचो.

पेठकडच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर शेख नवीन आले. मालेगावचे. घरात सगळे मागावर बसणारे, हा एकटा डॉक्टर झालेला. मराठी छान बोलायचे, पण ही आमच्या स्वयंपाकघरातली मराठी त्यांना कोण शिकवणार?

भात लावायचे दिवस होते. बांधावर साप निघत होते. डॉक्टरांकडे सर्पदंशाचं इंजेक्शन जेमतेम उरलं होतं. त्यांनी नानांना फोन केला.

"नाना, सापाचं इंजेक्शन आहे का तुमच्याकडे?"

"वाढलंय हो डॉक्टर."

"वाढलंय? वा! मग मी सकाळी गाडी पाठवतो."

"पाठवा की," नाना म्हणाले. त्यांना वाटलं, गाडी सलाईन न्यायला येतेय.

आणि डॉक्टर निश्चिंत झाले. दुसरीकडे कुठे त्यांनी विचारलंच नाही. का विचारतील? वाढलंय म्हटल्यावर!

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर डोंगराकडचा, बोलायला मोकळा. म्हणाला, "ताई, डाक्टरनी सांगलंय, सापाचं लय वाढलंय तुमच्याकडं. देशाल तेवढं भरून घेऊन ये."

मी रॅकपाशी गेले. रॅक रिकामी. परत आले.

"नाना, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"सांगितलं ना, वाढलंय म्हणून."

"म्हणजे?"

नानांनी इकडे-तिकडे पाहिलं, आवाज अगदी खाली आणला. "म्हणजे... नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन. चिखलणी करताना एका बाईला साप चावला होता. होतं ते इंजेक्शन त्यांनी तिला चालू केलं होतं. पुढचा डोस लागला तर हातात काही नव्हतं. "मॅडम, गाडी निघाली ना?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे वाढलं म्हणजे नाही. तर मग नाही म्हणजे काय?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी त्याच गाडीत बसले आणि शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले. तिथले स्टोअरवाले काका म्हणाले, "साहेब जेवायला गेलेत. बसा."

"साप जेवायला जात नाही काका."

"अहो, पण नियम..."

"उसनवारीचा नियम मला पाठ आहे. वाचून दाखवू की तुम्ही कपाट उघडता?"

कपाट उघडलं! इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात भरली, गाडी घाटाकडे पिटाळली. मी रिक्षानं भांडारात परत आले आणि फोनसमोर बसून राहिले. नानाही बसले. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही. संध्याकाळी डॉक्टर शेखांचा फोन आला. गाडी वेळेवर पोहोचली, पुढचा डोस दिला, बाई शुद्धीत होती आणि रोपं कोण लावणार म्हणून नवऱ्यावर ओरडत होती.

नानांनी डोळे पुसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं. पण वाईट वाटून काय होतं? त्या खुर्चीतला माणूस जी भाषा बोलतो, त्यावर डोंगरातला डॉक्टर आपला निर्णय घेतो. चार्ज मला हवा होता, आता तो मी घेणारच होते.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाटी लावली: "औषध संपले असल्यास संपले असेच म्हणावे."

नानांनी ती दोनदा वाचली. दुपारी बघते तर पाटीखाली लिंबू-मिरची टांगलेली!

* * *

नानांचा शेवटचा महिना सुरू झाला. चार्ज कोणाला, यावर सगळीकडे खलबतं. बागुल सर तर खास नांदगावहून आले, मोठ्या साहेबांना भेटायला. मी आपली दाराबाहेर, सहीच्या कागदांसाठी थांबलेली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मला चार्ज नको. बीपी आहे मला. ट्रक, ऑडिट, रात्री-अपरात्री फोन, झेपणार नाही."

"बरं. मग प्रणाली मॅडमना देऊ."

"छे, छे! त्यांना नको!"

"का हो?"

"त्या खरंच काम करतात साहेब. मग सगळ्यांनाच करावं लागेल!"

* * *

घरी येऊन मी सगळा राग जेवणावर काढला. वडील दुसऱ्या दिवशीच्या फुलांना पाणी मारत होते. मी म्हटलं, "किती वेळा मागायचा चार्ज? अर्ज केला, भेटले, बोलले. सगळे म्हणतात, तू लहान आहेस, थांब."

वडील म्हणाले, "बाजारात आम्ही जागा मागतो का?"

"मग?"

"धरतो."

"म्हणजे काय करता?"

"दुसरं कोणी यायच्या आत जाऊन बसतो."

आत्या आतून ओरडली, "पोरीला काहीबाही शिकवू नकोस!" पण उशीर झाला होता. मोठ्या माणसांचा सल्ला कामाचा निघण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ, मी ती वाया घालवणार नव्हते.

* * *

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले तेव्हा त्यांच्या केबिनबाहेर झाडू मारला जात होता आणि मी बाकावर बसलेली होते.

"मॅडम, ऑर्डर अजून निघालेली नाही."

"माहितेय सर. म्हणूनच आलेय."

साहेबांनी सुस्कारा सोडला. डॉक्टर माणूस, पेशंट उठत नाही म्हटल्यावर तपासावा लागतो, हे त्यांना कळतं. त्यांनी नानांना बोलावून घेतलं. बागुल सर सीनियर, म्हणून त्यांनाही फोन करून बोलावलं. ते नाशिकलाच मुक्कामी होते. आम्ही तिघं समोर बसलो. नाना मधल्या खुर्चीत, आम्ही दोघं दोन बाजूंना. चहा आला. कोणी घेईना.

"हे बघा," साहेब म्हणाले, "चार्ज म्हणजे फक्त सही नाही. बागुल, तुम्ही नको म्हणता, पण सीनियर तुम्ही आहात. तुम्हाला डावलायचं तर मला कारण लागेल. आणि मॅडम, तुम्हाला हवाय, पण तुम्ही फार तडकाफडकी आहात. नाना, तुमचं काय मत?"

नाना म्हणाले, "साहेब, मुलगी हुशार आहे. अजून दोन-चार वर्षं जाऊ द्या."

"दोन-चार वर्षं कुठे जाऊ देऊ?" मी म्हटलं. "पेठला की नांदगावला?"

"बघा!" नाना साहेबांना म्हणाले. "हेच, हेच!"

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी एकच प्रश्न विचारतो. दोघांना. समजा, आत्ता भांडाराला आग लागली. सगळ्यात आधी काय बाहेर काढाल? बागुल?"

बागुल सरांनी एक क्षणही घेतला नाही. "रेकॉर्ड साहेब. औषधं काय, परत येतील. ऑडिटला काय दाखवणार?"

साहेबांनी मान हलवली. नानांनीही हलवली. उत्तर अगदी खात्यातलं होतं.

"आणि तुम्ही मॅडम?"

"नानांना."

"काय?"

"मी आधी नानांना बाहेर काढेन सर."

"नानांनाच का?"

"बाकी सगळं कोणीही उचलून नेईल. नाना स्वतःहून उठणार नाहीत. आधी आग लागल्याचं लेखी पत्र मागतील."

बागुल सरांना ठसका लागला. साहेबांनी छताकडे पाहिलं आणि तिकडेच पाहत राहिले. नानांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता "मॅडम!" येणार. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मागे सरकायचं नाही, असं ठरवूनच आले होते.

नाना हळूहळू उठले. पँटच्या खिशात हात घातला. भांडाराच्या किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला, क्षणभर हातात तोलला, आणि माझ्या न प्यायलेल्या चहाशेजारी ठेवला.

"साहेब," नाना म्हणाले, "आग लागली."